डिस्कसच्या पोटातील जंत आणि निळ्या पुडीचा व्यवहार

मत्स्यालयातील मासा पांढरी, लांब, दोऱ्यासारखी विष्ठा टाकू लागला की पाळणाऱ्याच्या मनात धास्ती बसते. त्या धास्तीवर पैसे कमावणाऱ्या एका स्वयंघोषित ‘फिश डॉक्टर’शी माझी गाठ पडली. त्या व्यवहारात माझे सहा हजार रुपये गेले आणि तीन डिस्कस, म्हणजे थाळीसारखे चपटे शोभेचे मासे, मेले. तक्रार प्रलंबित असल्यामुळे त्याचे किंवा त्याला माझ्याकडे पाठवणाऱ्या दुकानाचे नाव मी येथे देत नाही. तशीही वाचकांना नावापेक्षा त्याची पद्धत कळणे अधिक उपयोगाचे आहे.

मी मुलुंडला राहतो. माझ्याकडे सुमारे तीनशे लिटरची टाकी असून तिच्यात पाच डिस्कस होते. त्यांतील दोघांचा रंग हळूहळू काळवंडला. ते टाकीच्या मागच्या कोपऱ्यात तिरके उभे राहू लागले, आणि खाणे टाकले की पुढे येऊन दाणा तोंडात घ्यायचे व लगेच थुंकून टाकायचे. पुढे कपाळाचा भाग व पोट खपाटीला गेले आणि विष्ठा पांढरी व चिकट झाली. आतड्यातील परजीवींची शंका घेण्यास ही लक्षणे पुरेशी आहेत, यात वाद नाही. उपनगरांतील दुकानांत वाटीने मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स किडे सांडपाण्याच्या गाळात वाढतात आणि त्यांच्याबरोबर नको ते पाहुणे टाकीत येऊ शकतात, हेही जुन्या हौशी मंडळींना ठाऊक आहे. मात्र शंका आणि निदान यांच्यामध्ये मोठे अंतर असते, आणि या माणसाचा सारा धंदा त्या अंतरातच चालतो.

ज्या दुकानातून मी खाणे घेतो, तेथील मालकाने त्याचा नंबर दिला. तो घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत प्लास्टिकच्या बाटल्या, ड्रॉपर आणि एक छोटा सूक्ष्मदर्शक होता. सूक्ष्मदर्शक त्याने बाहेर काढून टेबलावर ठेवला, पण वापरला नाही. टाकीकडे जेमतेम पाहून तो म्हणाला, “काका, पोटात जंत भरलेत. मला बघूनच कळतं, पण तुमच्या समाधानासाठी रिपोर्ट देतो.” विष्ठेचा तुकडा त्याने पाण्यासह बाटलीत घेतला, आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एक छायाचित्र व त्याखाली ‘हेक्झामिटा, कॅपिलेरिया, टेपवर्म – तीव्र’ असा, तीन वेगवेगळ्या परजीवींची नावे असलेला निष्कर्ष पाठवला. उपचार म्हणून निळी, पिवळी आणि पांढरी अशा तीन पुड्यांचा ‘इम्पोर्टेड कोर्स’ होता. कोर्सचे साडेचार हजार, घरी येण्याचे सातशे आणि अहवालाचे आठशे, असा हिशेब त्याने तोंडी सांगितला. पैसे यूपीआयने घेतले, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. पावती मागितली तेव्हा “आपल्या लाइनमध्ये बिल नसतं, काका” असे उत्तर मिळाले. पुड्यांवर औषधाचे नाव, घटक, उत्पादकाचे नाव, तारीख यांपैकी काहीही छापलेले नव्हते.

त्याने दिलेल्या सूचना मात्र ऐकताना शास्त्रीय वाटाव्यात अशा होत्या. कोर्स संपेपर्यंत माशांना अजिबात खाऊ घालायचे नाही, कारण ‘पोट रिकामे असले की औषध जंतांपर्यंत पोहोचते’. पाणी बदलायचे नाही, कारण ‘औषध पातळ होते’. विष्ठेचा रंग रोज पाहायचा आणि ती पांढरी दिसेल तोवर पुड्या चालू ठेवायच्या.

या फसवणुकीचे मर्म पहिल्या आणि तिसऱ्या सूचनेत आहे. माशाच्या विष्ठेचा रंग मुख्यतः खाण्यावरून ठरतो. पोटात अन्न नसेल तेव्हाही आतड्याचे अस्तर श्लेष्मा, म्हणजे चिकट स्राव, सोडतच असते, आणि तो श्लेष्मा पांढऱ्या, अर्धपारदर्शक दोऱ्याच्या रूपात बाहेर पडतो. म्हणजे पूर्ण निरोगी मासाही काही दिवस उपाशी ठेवला की पांढरी विष्ठा टाकतो. त्यामुळे उपास चालू आहे तोवर विष्ठा पांढरी, विष्ठा पांढरी आहे तोवर जंत, आणि जंत आहेत तोवर नवी पुडी, असे हे चक्र आपोआप फिरत राहते. आजारी नसलेल्या माशाचा मालकही या चक्रात सापडू शकतो. माझे मासे खरोखरच आजारी होते, एवढाच काय तो फरक. नुसती पांढरी विष्ठा म्हणजे जंत नव्हेत. मासा व्यवस्थित खात असूनही विष्ठा सातत्याने पांढरी राहत असेल, तो बारीक होत असेल, रंगाने काळवंडत असेल आणि दाणा थुंकत असेल, तर त्या सगळ्याला मिळून अर्थ येतो.

निळ्या पुडीने टाकीचे पाणी गडद निळे झाले, आणि काचांच्या सांध्यातील सिलिकॉनला लागलेला तो रंग अजून गेलेला नाही. आतड्यातील परजीवींसाठी मत्स्यालयात जी औषधे मान्य आहेत, म्हणजे मेट्रोनिडॅझोल, लेव्हामिसोल, फेनबेंडॅझोल आणि प्राझिक्वांटेल, त्यांपैकी एकानेही पाणी निळे होत नाही. असा रंग मेथिलिन ब्लूचा असतो. ते अंड्यांवरील बुरशीसाठी आणि त्वचेवरील काही तक्रारींसाठी वापरले जाते, आतड्यातील जंतांना त्याचे सोयरसुतक नसते. उलट फिल्टरमध्ये वसलेले, अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जीवाणू त्याने मरतात. माझ्याकडे अमोनिया तपासण्याचे किट होते आणि एरवी शून्य दाखवणाऱ्या नळीत हिरवा रंग चढत असलेला मी पाहिला. डिस्कसची टाकी अठ्ठावीस-तीस अंश तापमानावर ठेवलेली असते, आणि तापमान जितके अधिक तितके अमोनियाचे विषारी रूप अधिक. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. हे त्याला कळवले, तेव्हा “जंत मरताना विष सोडतात, म्हणजे औषध लागू पडतंय” असे उत्तर आले आणि त्यासोबत पाणी न बदलण्याची ताकीदही. मोठ्या संख्येने जंत एकदम मेले तर माशाला त्रास होऊ शकतो, हे खरे आहे, आणि असे अर्धे खरे हाताशी असल्यामुळेच त्याचे बोलणे पटते. पण माझ्या हातातील नळी पाण्यातला अमोनिया दाखवत होती. त्या आठवड्यात तीन मासे गेले. उरलेल्या दोघांना वाचवले ते निम्मे पाणी तातडीने बदलल्यामुळे आणि फिल्टरमध्ये कोळसा घातल्यामुळे. आपल्याकडे नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, तेव्हा अशा घाईतही क्लोरीन उतरवणारे थेंब आधी घालावेच लागतात.

अहवालाचे बिंग फुटले ते ठाण्यातील एका हौशी मित्रामुळे. त्याच्या फ्लॉवरहॉर्न या शोभेच्या माशासाठी याच माणसाने पाठवलेले छायाचित्र त्याने मला दाखवले. दोन्ही छायाचित्रे एकच होती. डाव्या कोपऱ्यातील केसासारखा तंतू, मधली ओरखड्याची रेघ आणि गोलाकार ‘अंड्यां’ची मांडणी, सगळे जसेच्या तसे. आमच्या इमारतीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई राहतात. त्यांना ते दाखवले, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अहो, हे हवेचे बुडबुडे आहेत. अकरावीची मुलं पहिल्या प्रॅक्टिकलला हेच काढून आणतात.” अगदी वाटोळा आकार, भोवती जाड काळी कडा आणि मधोमध उजेड, ही बुडबुड्याची खूण. कॅपिलेरिया या जंताचे अंडे लांबट पिंपासारखे असते आणि त्याच्या दोन्ही टोकांना बुचासारखे टोपण दिसते. एकदा पाहिले की ते दुसऱ्या कशाशी गल्लत होण्यासारखे नाही.

बाईंनी आपल्या घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या माशाची विष्ठा पाहून दिली. नमुना ताजा हवा, काही मिनिटांपूर्वीचा, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्याला कारण आहे. हेक्झामिटा या नावाने हौशी लोक ज्याला ओळखतात तो डिस्कसमधील आदिजीव (एकपेशीय परजीवी) बहुतेक वेळा स्पायरोन्यूक्लियस असतो. त्याची लांबी सुमारे 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि तो ओळखायचा तो त्याच्या वेगवान हालचालीवरून. नमुना थंड व शिळा झाला की ही हालचाल थांबते आणि मग तो ओळखणे कठीण होते. बाटलीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलेल्या आणि रात्री पाहिलेल्या नमुन्यावरून ‘हेक्झामिटा, तीव्र’ असे लिहिणारा माणूस काय पाहून लिहीत असेल, याची कल्पना करावी. चारशेपट वर्धनात आम्हाला ते ठिपके खरोखरच इकडून तिकडे सुसाट धावताना दिसले. जंतांची अंडी मात्र एकही दिसली नाहीत. पांढऱ्या पुडीतील चिमूटभर भुकटी बाईंनी पाण्यात विरघळवून काचपट्टीवर वाळू दिली, तेव्हा मिठाचे असतात तसे चौकोनी स्फटिक तयार झाले. ही प्रयोगशाळेतील रासायनिक तपासणी नव्हे, आणि तक्रारीतही मी तसा दावा केलेला नाही.

त्यानंतर एका नोंदणीकृत पशुवैद्यांना गाठले. त्यांनी सर्वप्रथम कोणता परजीवी हे विचारले, कारण औषध त्यावरच ठरते. स्पायरोन्यूक्लियससारख्या कशाभिकाधारी, म्हणजे चाबकासारख्या तंतूंनी पोहणाऱ्या, आदिजीवांवर मेट्रोनिडॅझोल चालते. गप्पी, मॉली अशा माशांच्या गुदद्वारातून लालसर धाग्यांसारखे बाहेर डोकावणारे कॅमालॅनस हे सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे गोल जंत, असून त्यांच्यावर लेव्हामिसोल किंवा फेनबेंडॅझोल लागते. लेव्हामिसोलने हे कृमी लुळे पडून बाहेर येतात, म्हणून त्यानंतर तळ सायफनने साफ करणे आणि दोन-तीन आठवड्यांनी मात्रा पुन्हा देणे उपचाराचाच भाग असतो. पट्टकृमींसाठी (टेपवर्म) प्राझिक्वांटेल आहे, पण ते सूत्रकृमींना किंवा कशाभिकाधारींना उपयोगी नाही. तिन्ही प्रकारांवर एकच ‘कोर्स’ विकणाऱ्याला हा भेद ठाऊक नसतो किंवा तो लपवायचा असतो.

माझ्या उरलेल्या दोन माशांना 60 लिटरच्या वेगळ्या टाकीत ठेवून मेट्रोनिडॅझोलची 400 मिलिग्रॅमची एक गोळी, म्हणजे लिटरला साधारण 7 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा याप्रमाणे तीन दिवस दिली आणि दर वेळी आधी पाण्याचा काही भाग बदलला. मासे खाऊ लागल्यावर तेच औषध जिलेटिनमध्ये बांधलेल्या खाण्यातून पाच दिवस दिले, कारण आतड्यातील परजीवीपर्यंत ते खाण्यातूनच सर्वांत चांगले पोहोचते. खाण्यातली मात्रा माशाच्या वजनावर ठरते, दर किलो वजनाला रोज 50 मिलिग्रॅम. शंभर ग्रॅमच्या डिस्कसला रोज 5 मिलिग्रॅम पुरतात. म्हणजे एका गोळीत ऐंशी मात्रा झाल्या, आणि त्या गोळीची किंमत एका कटिंग चहाहूनही कमी आहे. हे आकडे माझ्या माशांच्या निदानावरचे आहेत, ते पाहून कोणी परस्पर औषध आणू नये. मेट्रोनिडॅझोल हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारे औषध आहे आणि ते तसे आहे ते बरेच आहे. दोन्ही मासे आता नेमाने खातात आणि त्यांचा रंग परत आला आहे.

तेव्हा माशांचा इलाज करू म्हणणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी परजीवीचे नाव, औषधाचे मूळ नाव आणि दर लिटरला किती मिलिग्रॅम हे विचारावे, आणि नमुना आपल्यासमोरच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला सांगावे. सूक्ष्मदर्शक आणलेला असेल तर याला अडचण असण्याचे कारण नाही. ‘फॉर्म्युला सिक्रेट आहे’ असे उत्तर मिळाल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात प्राण्यांसाठीची औषधेही येतात, आणि औषधाच्या वेष्टनावर त्याचे नाव, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत छापणे बंधनकारक आहे. त्यामुळे बिननावाच्या पुडीबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तेथे न मिटल्यास घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि मोबदल्याची, म्हणजे आपण सेवेसाठी वा मालासाठी दिलेली, रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही.

मी दोन्हीकडे तक्रार केली आहे. तिला यूपीआयची नोंद, तिन्ही पुड्यांची छायाचित्रे, अमोनियाच्या चाचणीचे तारखेसह फोटो आणि ठाण्याच्या मित्राचे व माझे एकसारखे ‘अहवाल’ जोडले आहेत. पिवळी पुडी न उघडता तशीच राखून ठेवली आहे, म्हणजे अधिकृत तपासणी झाल्यास मूळ नमुना देता येईल. तक्रारीची कुणकुण लागताच त्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवरील आपले संदेश पुसले, परंतु छायाचित्र फोनमध्ये आधीच उतरलेले होते आणि संभाषणाचे स्क्रीनशॉटही घेतलेले होते. ज्यांना असाच अहवाल आला असेल त्यांनी मूळ छायाचित्र लगेच वेगळे जतन करून ठेवावे, ते वरील वर्णनाशी ताडून पाहावे आणि आपली तक्रार स्वतंत्रपणे नोंदवावी.