आठवीला कुठे घालायचं: गावचं हायस्कूल की तालुक्याचं?

आमची मुलगी तालुक्याच्या हायस्कूलला शिकली, मुलगा गावच्या. त्यामुळे झेडपीची सातवी झालेल्या मुलांचे आईबाप मे महिन्यात आमच्या ओटीवर येऊन बसतात. निकालाचं ते बाहेरून विचारून आलेले असतात. मी वर्गाबाहेरचं सांगते, कारण फरक तिथे आहे.

तालुक्याला काय नाही? एनसीसी, गाईड, मोठं मैदान, चित्रकलेचे स्वतंत्र सर. हे शेवटचं साधं वाटतं, पण इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत ए ग्रेड आली की दहावीला 7 गुण वाढतात, बीला 5, सीला 3. स्थिरचित्रातल्या तांब्याची सावली कुठे पडते, हे रोज कुणी दाखवणारं लागतं. गावच्या शाळेत गणिताचे सरच चित्रकला घेतात. मुलाची एलिमेंटरी, म्हणजे त्याआधीची सोपी परीक्षासुद्धा राहिली, याची मला अजून चुटपूट आहे.

पण तालुक्याच्या यादीत जे असतं ते आपल्या पोराच्या वाट्याला येतंच असं नाही. एनसीसीला मुलं शेकड्यांनी उभी राहतात, घेतात मोजकी. मुलगी निवडली गेली. शनिवारी शाळा साडेअकराला सुटायची आणि मग परेड. आमची एसटी सव्वाबाराची, ती चुकली की पुढची साडेतीनला. पावसाळ्यात ती स्टँडवर ओले बूट काढून, त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बसायची. मुलींना बारावीपर्यंत एसटी फुकट आहे, पण फुकटची गाडी वेळेवर हवी ना! दुसऱ्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकातलं काम तिने तालमी सहानंतर म्हणून सोडलं.

गावच्या शाळेत तीन वर्ग मिळून साठ मुलं. नववीत मुलगे दहा, कबड्डीला मैदानात सात लागतात. म्हणजे आमच्या बुजऱ्याला कुणी निवडलं नाही, तो लागलाच! निम्म्या लेझमांच्या साखळ्या तुटलेल्या, तरी पंधरा ऑगस्टला पुढच्या रांगेत तोच. आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी सरांनी मुलांना दिवेलागणीपर्यंत थांबवून घेतलं, कारण सगळी चालत घरी जाणारी. पास होऊन यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. अनुदानित शाळा दोन्हीकडे आहे, म्हणून या परीक्षेचा हक्क सारखाच. सराव मात्र गावात जास्त झाला.

नवोदयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं विचारणाऱ्यांना उशीर झालेला असतो. तिथला मुख्य प्रवेश सहावीला. नववीला रिकाम्या जागा निघतात, पण त्या थोड्या.

मूल बुजरं असेल तर मी गावचं हायस्कूल सांगेन. चित्रकलेचा किंवा एखाद्या खेळाचा खरा नाद असेल तर तालुका, पण बाजारपेठेत मामा-मावशीचं घर असेल तरच. तिथल्या ऑफिसात फी नंतर विचारा. आधी परेड आणि तालमी किती वाजता सुटतात ते विचारा, आणि तसंच डेपोत जाऊन आपल्या गावच्या शेवटच्या गाडीची वेळ बघून या.