मिनी दाल मिल आणि 35 टक्के अनुदान: यंत्र चांगलं, पण खरी गिरणी म्हणजे वाळवणीचा ओटा

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ आता विदर्भात नवी राहिली नाही. तिच्या धर्तीवरच्या छोट्या गिरण्या अकोला, अमरावती, यवतमाळच्या गावागावांत दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच ‘पीएमएफएमई’च्या, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेच्या नावाने विचारल्या जातात. म्हणून इथे परीक्षण दोघांचं एकत्र केलं आहे. नुसतं यंत्र पाहून घेणारा फसतो, नुसतं अनुदान पाहून घेणारा त्याहून जास्त.

निकाल आधीच सांगून टाकतो. यंत्र पैसा वसूल आहे. योजना प्रामाणिक आहे पण सावकाश आहे, आणि जिथे पैसा सगळ्यात जास्त अडतो तिथे ती हात देत नाही.

यंत्रापासून सुरू करू. वर हॉपर (धान्य ओतायचा डबा), खाली झडप, मग एमरी (साल खरवडणारा खरखरीत थर) चढवलेला रोलर आणि त्याभोवती जाळी. पुढे टरफल ओढणारा पंखा, शेवटी हलत्या चाळण्या. तेल-पाणी लावायला स्क्रू असतो. अशा गिरण्या साधारण 2 ते 3 एचपीच्या मोटरवर, सिंगल फेजवर चालतात, हीच त्यांची खरी खुबी. गावठाणच्या लाइनवर बसतात. वावरातल्या कृषीपंपाच्या जोडणीवर मात्र गिरणी लावायची नाही. एक तर ते नियमात बसत नाही, दुसरं म्हणजे रात्रीच्या पाळीची लाइन आली की डाळ काढणार कधी? औद्योगिक मीटर घ्या, अर्ज करतानाच घ्या, कारण बँकेचा माणूस पाहणीला आला की आधी मीटर पाहतो.

तूर ही हट्टी असते. तिच्या टरफलाखाली डिंकासारखा थर असतो, तो सुटल्याशिवाय साल निघत नाही. हरभरा त्या मानाने सोपा जातो, मूग-उडीद वेगळे. तुरीची रीत अशी. आधी चाळून काडी, माती, खडा काढा. खडा राहिला तर रोलरची एमरी जाते, म्हणून हॉपरवर एक लोहचुंबकही टांगा. खळ्यावरून खिळा, तारेचा तुकडा येतोच. जाड आणि बारीक दाणा वेगळा करा. एकत्र टाकला तर जाड दाणा फुटतो आणि बारीक तसाच सुटतो. मग पहिला फेर फक्त चिरा पाडायला. साल खरवडली पाहिजे, दाणा फुटला नाही पाहिजे. त्यावर क्विंटलला 200 ते 500 ग्रॅम तेल चोळायचं, आपल्याकडे जवसाचं चालतं, आणि रात्रभर ढीग झाकून ठेवायचा. पुढे दोन-तीन दिवस ऊन. वाळल्यावर 2 ते 3 लिटर पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग, आणि सकाळी दुसरा फेर. एका फेरात साधारण निम्म्याच दाण्यांची साल निघते. राहिलेला गोटा, म्हणजे साल न निघालेला दाणा, वेगळा काढून परत फिरवायचा. घाई करणारे झडप आवळून एकाच फेरात काम उरकतात, आणि मग चुनीचं (फुटलेल्या डाळीच्या कण्यांचं) पोतं डाळीच्या पोत्याशी स्पर्धा करायला लागतं.

उतारा किती पडतो, यावरच सगळं आहे. जात्यावर किंवा साध्या चक्कीवर 60 ते 65 टक्के डाळ मिळते. नीट वाळवलेल्या मालाला मिनी मिलवर 70 ते 72 मिळायला हरकत नाही. 75 सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्यासमोर वजनकाटा ठेवा.

आता ओटा. या परीक्षणात सगळ्यात जास्त जागा ओट्याला देतोय, कारण माहितीपत्रकात तो नसतोच. तूर अडीच सेंटिमीटर जाडीने पसरली तर एका क्विंटलला सुमारे 54 चौरस फूट लागतात. दिवसाला 5 क्विंटल काढायचे आणि माल तीन दिवस उन्हात राहायचा, म्हणजे कोणत्याही वेळी 15 क्विंटल तूर पसरलेली. म्हणजेच 800 चौरस फुटांच्या वर पक्का, उताराचा, सावली न पडणारा ओटा. ज्यांनी यंत्रावर सगळा पैसा घातला आणि अंगणात ताडपत्री टाकली, त्यांची गिरणी दिवसाला दीड-दोन क्विंटलच्या पुढे जात नाही, मग रोलर कितीही चांगला असो. जानेवारीत दव पडतं, संध्याकाळी माल गोळा करून झाकावा लागतो. फेब्रुवारी-मार्चात अवकाळी आणि गारा. एप्रिल-मेचं 43-44 अंशांचं ऊन सगळ्यांना नकोसं, पण गिरणीवाल्याला तेच हवं. तेव्हा तीन दिवसांचं काम दीड दिवसात होतं. ओलावा 10 टक्क्यांच्या आसपास आणायचा. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला, चिवट दबला नाही, तर झाला.

काय बिघडतं? सगळ्यात आधी जाळी. एका हंगामात झिजते, भोकं मोठी होतात आणि अख्खा दाणा टरफलात जातो. दुसरं, रोलर बोथट होतो. त्याची खूण म्हणजे मोटर तेवढीच ओढते पण गोटा वाढतो. तिसरं, व्होल्टेज. संध्याकाळी गावात सगळ्यांचे पंखे, कूलर सुरू झाले की लाइन 180 वर येते, मोटर तापते, कपॅसिटर फुगतो. मीटरपासून गिरणीपर्यंत तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची वायर टाका आणि संध्याकाळी सहानंतर रोलर फिरवू नका. व्ही-पट्टा सैल असेल तर रोलर घसरतो आणि लोक उगाच एमरीला दोष देतात. सुट्या भागांत एक जादा जाळी, दोन पट्टे, एक कपॅसिटर घरात पाहिजेच. धूळ हा वेगळा त्रास. पंख्याची टरफलाची तोंडी उघडी सोडली तर शेजारी भांडायला येतात, म्हणून कापडी पिशवी बांधा. ते टरफल आणि चुनी ढेपेत मिसळून जनावरांना जाते, आणि दुधाळ जनावरं असलेल्या गावात चुनीचं गिऱ्हाईक डाळीच्या आधी तयार असतं.

आता योजना. 2020-21 मध्ये सुरू झाली, आपल्याकडे कृषी विभाग राबवतो. पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये. स्वतःचा वाटा किमान 10 टक्के, बाकी बँकेचं कर्ज. एका कुटुंबात एकालाच. पात्र खर्चात यंत्रसामग्री आणि तांत्रिक बांधकाम येतं. बांधकाम 30 टक्क्यांच्या वर धरत नाहीत, जागेची किंमत आणि भाडं अजिबात नाही. ओटा याच 30 टक्क्यांत बसवा, शेडच्या शोभेच्या दर्शनी भागात ते पैसे घालू नका. अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते. मंजूर कर्जामागे तिला शासन 20,000 रुपये देतं, त्यामुळे ‘फाइलचे’ म्हणून तुमच्याकडे कुणी पैसे मागितले तर ते द्यायचे नसतात. लक्ष्यांक (वर्षात मंजूर करायच्या प्रकल्पांचा ठरलेला आकडा) शिल्लक आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा.

कागद फार नाहीत: आधार, पॅन, रेशनकार्ड, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, जागेचा सातबारा किंवा नमुना 8, ग्रामपंचायतीचा दाखला, वीजबिल, जीएसटी क्रमांक असलेलं कोटेशन, उद्यम नोंदणी (ती फुकट होते). अडतं ते सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या अहवालावर. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल आणि त्यात मुलाचं नाव सहकर्जदार म्हणून असेल, तर ते त्याच्याच अहवालात लाल दिसतं. अर्जाआधी स्वतःचा सिबिल काढून पाहा. आणि कर्ज मंजूर होण्याआधी यंत्र उचलू नका, बयाणासुद्धा देऊ नका. बँक पैसे थेट विक्रेत्याला देते; आधी घेतलेल्या यंत्राची पावती मग घरात लावायच्या कामाची.

अनुदानाची गोम इथे आहे. ते हातात येत नाही. कर्जखात्याला जोडलेल्या वेगळ्या खात्यात पडून राहतं, आणि शेवटच्या हप्त्याच्या वाटपानंतर तीन वर्षांनी, खातं नियमित आणि गिरणी चालू असेल तरच, कर्जात वळतं. म्हणून हिशेब अनुदान नाहीच असं धरून करा. समजा यंत्रसंच 3,00,000 आणि बांधकाम 1,20,000, एकूण 4,20,000. स्वतःचे 42,000, कर्ज 3,78,000. 11 टक्के व्याज, पाच वर्षं धरली तर हप्ता सुमारे 8,200, वर्षाला 98,600. मजुरीने डाळ काढून द्यायचा दर किलोला 6 रुपये धरला, म्हणजे क्विंटलला 600. दोन मजुरांचे दिवसाला 900, दिवसाला 5 क्विंटल, म्हणजे 180. वीज 30, जाळी-पट्टा-तेल 30. क्विंटलमागे 360 उरतात. हप्ता निघायला पावणेतीनशे क्विंटल लागतात. तुमच्या गावचे दर घालून हीच मांडणी करा. घराला लागणारी क्विंटलभर तूर ठेवणारी पावणेतीनशे घरं, म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन-तीन गावं. पंचक्रोशीत दुसरी गिरणी आधीच असेल तर थांबलेलं बरं.

शंभर दिवसांत 500 क्विंटल झाले तर हप्ता जाऊन 81 हजारांच्या घरात राहतात. यावर एका तरुणाचं घर चालत नाही. पण कपाशी-तुरीच्या वावराला जोडून चार महिन्यांचं काम म्हणून ते खरं आहे. याहून वर जायचं तर स्वतः तूर घेऊन डाळ विकावी लागते, आणि तिथे योजना हात वर करते. 2025-26 चा तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 आहे. 50 क्विंटल उचलायचे तर 4 लाख रोख, आणि या खेळत्या भांडवलावर अनुदान नाही. बचत गट असेल तर सदस्यामागे 40,000 बीज भांडवल मिळू शकतं, म्हणून या धंद्यात गट एकट्यापेक्षा पुढे जातो. पिशवी बांधून विकायची तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची) नोंदणी आणि लेबलवर वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, पत्ता हवाच. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीवर 5 टक्के जीएसटी आहे.

पर्याय म्हणून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं नाव निघतं. त्यात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 35 टक्के. दाल मिलसाठी सर्वसाधारण गटातल्या मुलाने पीएमएफएमईच धरावी.

सौर पॅनेलचं विचाराल तर पहिल्या वर्षी नको. तीन एचपीची मोटर सहा तास चालली तरी दिवसाला 13-14 युनिट जातात. विजेचा खर्च या धंद्यातल्या सगळ्यात लहान खर्चांपैकी आहे. घरावरच्या 3 किलोवॅटला पीएम सूर्यघर या सौर योजनेतून 78,000 अनुदान मिळतं, पण ते घरगुती मीटरसाठी. त्यावर गिरणी चालवली तर दोन्हीकडून अंगलट येईल. तशीही ही गिरणी अर्धी सौरऊर्जेवरच आहे, ओट्यावरच्या.

विक्रेत्याकडे जाताना आपल्या वावरातली, चिरा पाडून वाळवलेली 20 किलो तूर सोबत न्या. त्यांनी ठेवलेल्या नमुन्यावर भाळू नका. समोर चालवून डाळ, गोटा, चुनी, टरफल वेगवेगळं तोला आणि बेरीज करा. 20 पैकी अर्ध्या किलोहून जास्त हिशेबात बसलं नाही, तर ते पंख्यातून उडतंय. कोटेशनवर सही करायच्या आधी जाळी बदलून घ्या आणि पुन्हा तोला.