मुलांमधील हिंसेविषयीची पालक कार्यशाळा: परळमधील एका शाळेतील अनुभव

आठवी ते दहावीच्या पालकांसाठी परळमधील एका मराठी शाळेने लागोपाठ दोन शनिवारी दुपारी ही कार्यशाळा भरवली होती. शाळा सुटल्यावर गल्लीत जुंपलेली मारामारी, तिचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि मग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पालकांचीच एकमेकांवर चिखलफेक, या क्रमाने प्रकरण हाताबाहेर जाताना आमच्यापैकी अनेकांनी पाहिले असल्यामुळे सभागृह भरले होते. वडील मात्र मोजकेच होते.

समुपदेशक बाईंनी व्याख्यान न देता थेट प्रसंग मांडला: शाळेतून फोन येऊन गेला आहे, मुलगा दारात उभा आहे, शर्टाचा खिसा फाटलेला आहे, आता तुम्ही काय कराल? "आधी एक ठेवून देईन," असे एक गृहस्थ म्हणाले. बाईंनी त्यांना काहीही न सुनावता मुलाच्या जागी उभे केले, दुसऱ्या पालकाला वडील केले आणि प्रसंग पार पडल्यावर त्यांना वडील काय काय बोलले ते सांगायला लावले. थोडे थांबून ते म्हणाले, "ऐकलंच नाही. त्यांच्या हाताकडेच लक्ष होतं." मार देऊन शिस्त लागते का, हा वाद पुढे कोणी घातला नाही.

यानंतर सांगितलेला क्रम मला फार मोलाचा वाटला. आधी पाणी द्यावे, लागले आहे का ते पाहावे, मग "काय झालं" ते सुरुवातीपासून सांगू द्यावे. "का केलंस" हा प्रश्न त्या संध्याकाळी विचारूच नये, कारण संतापलेल्या मुलाकडे तेव्हा त्याचे उत्तर नसते आणि तो गप्प तरी बसतो किंवा खोटे तरी बोलतो. भावनांचा उद्रेक आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारास पूर्ण विकसित होतो आणि मित्र पाहत असले की या वयात धोका पत्करण्याची ओढ वाढते, हे बाईंनी सोप्या शब्दांत समजावले. म्हणूनच कडे करून उभी राहणारी आणि चित्रीकरण करणारी मुले निव्वळ बघ्यांमध्ये मोडत नाहीत. व्हिडिओ फिरला की भांडण अब्रूचे होते आणि दुसरी मारामारी ठरते.

कायद्याचे सत्र छोटे पण नेमके होते. अठरापर्यंत काहीच होत नाही, हा समज वकिलांनी खोडून काढला. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही आणि ताब्यात घेतल्यास 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. परंतु सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा, आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा का, याचे प्राथमिक मूल्यमापन मंडळ करू शकते. चौकशी सुरू असलेल्या प्रकरणातील मुलाची, मग तो आरोपी असो, पीडित असो की साक्षीदार, ओळख उघड करण्यास कलम 74 मनाई करते, हे ऐकून ग्रुपवर व्हिडिओ पुढे पाठवणारे बरेच जण अस्वस्थ झाले.

माझा आक्षेप एकच आहे, पण तो गंभीर आहे. दोन्ही दिवस चर्चा मारणाऱ्या मुलाभोवती फिरत राहिली. "माझा मुलगा आता शाळेत जायलाच तयार नाही, त्याला काय सांगू?" असे एका आईने विचारले, तेव्हा "त्याला वेळ द्या" एवढेच उत्तर मिळाले. त्या आई दुसऱ्या शनिवारी आल्या नाहीत. वर्गातली जागा बदलणे, सुटण्याच्या वेळी सोबत ठरवणे, मुलाला निर्धास्तपणे ज्यांच्याकडे जाता येईल असे एक शिक्षक नेमणे, आणि मुख्य म्हणजे सर्वांसमोर "सॉरी म्हण, हात मिळव" असे दोघांना करायला न लावणे, ही माहिती त्यांना त्याच दिवशी मिळायला हवी होती. जबरदस्तीने मिळवलेल्या हातामुळे मोठ्यांचे प्रकरण मिटते, मार खाल्लेल्या मुलाची भीती तशीच राहते.

शेवटी दिलेले पत्रक स्वच्छ मराठीत आहे. त्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि 1996 मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 असे दोन्ही क्रमांक आहेत. शाळांनी ही कार्यशाळा अवश्य ठेवावी, वडिलांना यायला जमेल अशी रविवार सकाळची वेळ निवडावी आणि मार खाल्लेल्या मुलांच्या पालकांसाठी स्वतंत्र सत्र आयोजकांकडून आधीच मागून घ्यावे.