स्थापत्य अभियांत्रिकी की बांधकाम व्यवस्थापन?

बांधकामातच जायचं हे पक्कं, पण पदवी कोणती घ्यावी यावर गाडं अडलेलं, अशांसाठी हे लिहितो आहे. दोन्ही अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत हेल्मेट आणि क्रेनचे फोटो सारखेच असतात, त्यामुळे फरक कळत नाही. तो कळण्यासाठी एक स्लॅब डोळ्यांसमोर आणा.

स्थापत्यचा विद्यार्थी विचारतो, यावर भार किती येणार? सळई किती जाडीची, किती अंतरावर? खांब तो भार पायापर्यंत नेतील ना? व्यवस्थापनाचा विद्यार्थी त्याच स्लॅबकडे बघून विचारतो, सेंटरिंग, म्हणजे ओलं काँक्रीट पेलणारा साचा आणि त्याखालचे टेकू, किती दिवसांत उभं राहील? सळई साइटवर कधी यायला हवी? काँक्रीट ओतल्यावर टेकू कधी काढता येतील आणि ते पुढच्या मजल्याला केव्हा मिळतील? ड्रॉइंग आठवडाभर उशिरा आलं, तर त्या आठवड्याचे पैसे कोण भरणार?

यांतले कोणते प्रश्न वाचताना तुमचं डोकं आपसूक चालू लागलं, ते लक्षात ठेवा.

स्थापत्यच्या पहिल्या दोन वर्षांत गणित, पदार्थांची ताकद, द्रव यांत्रिकी, मृदा यांत्रिकी. पुढे काँक्रीट आणि पोलादाचं डिझाइन. व्यवस्थापनात मोजमाप, अंदाजपत्रक, वेळापत्रक, कंत्राटाचा कायदा, हिशेब, सुरक्षा, यंत्रसामग्री. संरचनेचा अभ्यास तिथेही असतो, पण ड्रॉइंग वाचून त्यातली अडचण ओळखता यावी इतपत. गणित टाळायचं म्हणून कुणी इकडे वळत असेल तर थांबा. समीकरणं कमी असली तरी दरपृथक्करण (साहित्य, मजुरी वगैरे मांडून एकेका कामाचा दर काढणं) आणि पैशाच्या आवकजावकीचा हिशेब रोज करावा लागतो, आणि तिथली चूक थेट नफ्यातून जाते.

वेळापत्रकाचा गाभा म्हणजे क्रिटिकल पाथ. 1957 च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांमध्ये ही पद्धत आकाराला आली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी शोधायची. तिच्यातलं एक काम दिवसभर रखडलं की सगळा प्रकल्प दिवसभर रखडतो. हे सॉफ्टवेअर करून देतं, तरी निदान एकदा कागदावर हाताने सोडवायला लावणारा अभ्यासक्रम मला जास्त विश्वासाचा वाटतो.

दोन्ही विषय एकमेकांशिवाय कसे अडतात, हे सिडनी ऑपेरा हाउसमध्ये दिसतं. 1959 मध्ये काम सुरू झालं तेव्हा छताच्या त्या प्रसिद्ध कवचांचं डिझाइन ठरलेलंच नव्हतं, तरी खालच्या चौथऱ्याचं बांधकाम हाती घेतलं गेलं. छताचं वजन ठरत गेलं तसे आधीचे खांब अपुरे असल्याचं दिसलं आणि ते पुन्हा बांधावे लागले. 1963 मध्ये पूर्ण व्हायची इमारत 1973 मध्ये उघडली. 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला. कवचं उभी कशी राहतील हे कोडं अभियंत्यांनी सोडवलं, आणि ती इमारत आज जगाला भुरळ घालते. पण डिझाइन हातात नसताना काम सुरू करायचं का, हा प्रश्न व्यवस्थापनाचा होता. याउलट एम्पायर स्टेट बिल्डिंग 1930–31 मध्ये सुमारे 13 महिन्यांत उभी राहिली, कारण पोलाद कोणत्या दिवशी कोणत्या मजल्यावर पोचेल इथपर्यंत आखणी होती.

आता व्यवहाराची बाब, आणि माझ्या मते हीच सर्वांत वजनदार. डिझाइनवर जबाबदारीची सही करण्याचा परवाना बहुतेक देशांत अभियांत्रिकीच्या मान्यताप्राप्त पदवीशी बांधलेला असतो. 1989 च्या वॉशिंग्टन कराराने सदस्य देशांतल्या मान्यताप्राप्त अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना परस्पर मान्यता दिली. व्यवस्थापनाची पदवी त्यात येईलच असं नाही. स्थापत्य शिकून पुढे व्यवस्थापनात जाणारे पुष्कळ आहेत. उलट दिशेने जायचं तर बरंच काही पुन्हा शिकावं लागतं.

म्हणून मन दोलायमान असेल तर मी सांगेन, आधी स्थापत्य करा, दोन-तीन वर्षं साइटवर काढा, मग व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्या. तेव्हा कंत्राटातलं प्रत्येक कलम कुठल्या ना कुठल्या पाहिलेल्या भांडणाशी जोडलं जातं. पण माणसं जमवणं, कामं लावणं, वाटाघाटी करणं यांतच तुमचा जीव रमत असेल, तर चार वर्षं तुळयांच्या गणितात कशाला काढायची? थेट व्यवस्थापन घ्या. पहाटे साइटवर हजर राहणं आणि रात्री उशिरापर्यंत चालणारं काँक्रीट संपेतो तिथून न हलणं, याची तयारी मात्र ठेवा.

प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला विचारा, पदवी अभियांत्रिकीची मिळणार की आणखी कशाची? कोणत्या व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे? साइटवरचं सक्तीचं प्रशिक्षण किती महिन्यांचं? आणि शेवटच्या वर्षाचा एखादा प्रकल्प अहवाल मागून बघा. त्यात खऱ्या कामाचं वेळापत्रक, कुठल्या तारखा चुकल्या आणि का चुकल्या हे लिहिलेलं असेल, तर तिथे शिकवणाऱ्यांनी साइट पाहिलेली आहे.