एफआयआरची प्रत घरातच होती

हे लिहावं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. नात्यातली माणसं म्हणाली, "झालं ते झालं, गावभर कशाला करायचं?" मीही गप्प बसले होते. पण मागच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलावर गुन्हा दाखल झालाय आणि आम्ही ज्या वकिलाकडे गेलो होतो, त्यालाच त्यांनी पंचवीस हजार रोख देऊन टाकलेत. आमचीही सुरुवात पंचवीस हजारांनीच झाली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या वकिलाविरुद्ध तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. बाकी सगळं लिहिते.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ७४ वर्षांचे. अडीच एकर द्राक्षबाग, थोडी जिरायत, आणि चुलत्यांशी बांधावरून आमच्या जन्माआधीपासून चालत आलेला वाद. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच बांधावर माझा भाऊ आणि चुलतभाऊ यांची झटापट झाली. भावानं ढकललं, चुलतभाऊ दगडावर पडला आणि त्याच्या मनगटाचं हाड मोडलं. भावाचं चुकलं, हे मी पहिल्यांदा सांगते. संध्याकाळी गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेहून निघाले आणि आम्ही तिघं त्या वकिलाकडे गेलो. मामांच्या ओळखीतल्या कुणीतरी नाव सुचवलं होतं. "पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, फौजदारी म्हणा, प्रॉपर्टी म्हणा, सगळं एका जागी होतं." ऑफिसात भिंतभर लाल पाठीची पुस्तकं, बाहेर बाकावर पाच-सहा पक्षकार. वकिलानं एफआयआरची प्रत हातात घेतली, वरवर नजर टाकली आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. तो उलटा ठेवलेला कागद मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. म्हणाला, "ताई, एक जुलैपासून नवीन कायदा आलाय. आता सगळं अजामीनपात्र झालंय. त्यात हाड मोडलंय म्हणजे खुनाचा प्रयत्न लावायला पोलिसांना किती वेळ लागतो? ह्याला घरी झोपू देऊ नका, रात्री उचलतील." अण्णांचे हात थरथरायला लागले. पंचवीस हजार तिथंच दिले.

मी मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे. पट्टीवरची तारीख बघितल्याशिवाय गिऱ्हाईकाच्या हातात गोळी देत नाही. पण तो चार पानांचा कागद घरी आणून मी कपाटात ठेवला. वाचला नाही. भीती माणसाचं काय करते, ते मला तेव्हा कळलं.

भाऊ जतला मावशीकडे जाऊन राहिला. २३ दिवस. छाटणी होऊन पंधरा दिवस झालेले, बाग पोंगा अवस्थेत, म्हणजे कोवळी फूट बाहेर पडताना, वर परतीचा पाऊस. ज्यांच्याकडे बाग आहे त्यांना पुढचं सांगायला नको. डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, आली. फवारणीला मजूर होते, पण कधी काय मारायचं हे भावाला ठाऊक, आणि वकिलानं फोन बंद ठेवायला सांगितलेला. अण्णा एकटे सकाळ-संध्याकाळ बागेत फिरून काळे पडलेले घड तोडत होते. त्या नुकसानीचा आकडा मी धरतच नाही. खाली जे पैसे लिहिते आहे ते फक्त वकिलाला दिलेले.

अटकपूर्व जामिनासाठी ७५ हजार घेतले. आठवड्याभरानं म्हणाला, सरकारी वकील कडक आहे, "वर" काहीतरी द्यावं लागेल, ६० हजार. आम्ही तेही दिले. हे लिहिताना मान खाली जाते, पण लपवलं तर बाकीचं लिहिण्याला अर्थ नाही. ते पैसे खरंच कुठं गेले असते तर तो गुन्हा होता, आणि देणारे म्हणून आम्हीही त्यात होतो. लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात येतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४ आहे. वकील "साहेबांना द्यायचेत" म्हणाला की बहुतेक वेळा ते त्याच्याच खिशात जातात, हे आता मला कोर्टात रोज वावरणाऱ्या दोघांनी सांगितलंय. आणि दिलेल्या माणसाला लाजेनं तक्रार करता येत नाही. त्याला नेमकं तेच हवं असतं.

त्याच सुमारास अण्णांच्या मनात मरणाचे विचार यायला लागले. त्यांनी वकिलाला सहज विचारलं, जमिनीचं काही लिहून ठेवावं का? लगेच दुसरी फाईल उघडली. मृत्युपत्राचे ४० हजार. वर प्रोबेटची आगाऊ फी म्हणून २५ हजार. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, आणि तो माणूस गेल्यावर मागायचा असतो. माझे वडील समोर बसलेले असताना त्यांच्या पश्चात करायच्या अर्जाची फी त्यानं घेतली. शिवाय आमच्या भागात, हिंदू माणसाच्या अशा जमिनीच्या मृत्युपत्राला तेव्हाही प्रोबेटची सक्ती नव्हती. ती मुख्यतः मुंबईची गोष्ट होती.

मृत्युपत्र इंग्रजीत टाईप केलेलं. अण्णा सातवी शिकलेत, मराठी पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात, पण इंग्रजी येत नाही. साक्षीदार म्हणून वकिलाच्याच ऑफिसातले दोन पोरगे. आणि नंतर आम्हाला कळलं की आत एक कलम होतं, मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून वकील स्वतः, मिळकत विकण्याच्या अधिकारासह, आणि मोबदला म्हणून मिळकतीच्या किमतीच्या पाच टक्के. मूळ प्रत "सुरक्षित राहावी" म्हणून त्यानंच ठेवली. जाता जाता दोन कोऱ्या मुद्रांकांवर, म्हणजे स्टॅम्पपेपरवर, अण्णांच्या सह्या घेतल्या, "पुढं प्रतिज्ञापत्र लागलं तर तुम्हाला हेलपाटा नको."

सगळी वडिलोपार्जित जमीन एकट्या भावाला, असंही त्यात होतं. मी तिथंच बसले होते. म्हणाला, "ताईंचं लग्न झालंय, त्यांचा प्रश्न येत नाही." खरं म्हणजे २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मानं हक्क दिलाय, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा स्पष्ट केलंय. अण्णा मृत्युपत्रानं फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकत होते. मला जमीन हवी होती का, हा वेगळा मुद्दा. पण ज्याला हेही माहीत नाही, किंवा माहीत असून सांगत नाही, तो पंचवीस वर्षं नेमकं काय करत होता?

ते नंतर कळलं. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, खरी होती, पंचवीस वर्षंही खरी होती. पण सगळी वर्षं अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत गेलेली. फौजदारी कोर्टात तो क्वचितच उभा राहिलेला. आम्ही "अनुभव किती" विचारलं, "कशाचा" हे विचारलंच नाही.

नोव्हेंबरात त्यानं व्हॉट्सॲपवर एका आदेशाचा फोटो पाठवला. अंतरिम, म्हणजे तात्पुरता, अटकपूर्व जामीन मंजूर, खाली गोल शिक्का, अर्धवट उमटलेला. घरात पेढे वाटले. भाऊ परत आला. चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यातून हवालदार नोटीस घेऊन आले. भावानं फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाले, "आमच्याकडं असलं काही आलेलं नाही. खरी प्रत आणा."

मी सुट्टी काढून सांगलीला सत्र न्यायालयात गेले. तिथं ई-सेवा केंद्र असतं, खटल्याची माहिती फुकट बघून देतात. खिडकीवरच्या मुलीनं आदेशावरचा अर्ज क्रमांक टाकला. स्क्रीनवर भलत्याच दोन माणसांची नावं आली, प्रकरण भलत्याच गावचं. मग तिनं भावाच्या नावानं शोधलं. काही नाही. म्हणाली, "ताई, अर्ज दाखल झाला की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळतो. तो मागा त्यांच्याकडं." मग फोटो मोठा करून बघत तिनं आणखी एक गोष्ट दाखवली. आदेशात "कलम ४३८" लिहिलेलं. ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं. १ जुलै २०२४ नंतर अटकपूर्व जामिनाचा अर्ज नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२ कलमाखाली करतात. ज्या नव्या कायद्याची भीती दाखवून आमच्याकडून पैसे काढले, त्याच कायद्याचा नंबर खोट्या आदेशात टाकायचंही त्याला सुचलं नव्हतं. माझे पाय गार पडले. बाहेर पायरीवर बसले, बराच वेळ.

त्याच आवारात फौजदारी काम करणाऱ्या एक वकील मॅडम भेटल्या. कपाटातून काढून नेलेली एफआयआर मी त्यांना दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली, पहिल्या ओळीपासून. आणि विचारलं, "तुम्हाला अटकपूर्व जामीन कुणी सांगितला?"

कलमं होती नव्या भारतीय न्याय संहितेची, ११५(२), ११७(२), ३५१(२) आणि ३५२. मारहाण, गंभीर दुखापत, धमकी, अपमान. चारही जामीनपात्र. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, ठाण्यातच मिळतो. अटकपूर्व जामीन तर फक्त अजामीनपात्र गुन्ह्याच्या भीतीसाठी असतो. असा अर्ज इथं चाललाच नसता. त्यांनी नागरिक सुरक्षा संहितेचं पुस्तक उघडून शेवटी जोडलेली पहिली अनुसूची, म्हणजे कलमांचा तक्ता, दाखवला. प्रत्येक कलमासमोर एक रकाना, त्यात लिहिलेलं, जामीनपात्र की अजामीनपात्र. एवढंच बघायचं होतं. बोटानं ओळ धरून बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आधारकार्ड आणि एक जामीनदार घेऊन ठाण्यात गेला आणि दीड तासात बाहेर आला. मॅडमनी आठ हजार घेतले, पावती दिली. जुन्या वकिलाची ना-हरकत लागेल का विचारलं तर म्हणाल्या, "त्यांनी वकीलपत्रच कुठं दाखल केलं नाही, ना-हरकत कसली?" तेवीस दिवस लपून राहिल्यामुळे भाऊ सहकार्य करत नाही असा शेरा मात्र तपासाच्या कागदात गेला होता, त्याचं उत्तर पुढं द्यावं लागलं.

मृत्युपत्राचं विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ते मी करत नाही. दिवाणीवाल्यांकडं जा." मला तेव्हा रडू आलं. अनुभवी माणूस असा बोलतो.

दिवाणी वकिलांनी मराठीत दोन पानांचं नवीन मृत्युपत्र केलं. पहिल्याच ओळीत यापूर्वीची सगळी मृत्युपत्रं रद्द. प्रत्येक पानावर अण्णांची सही, साक्षीदार दोन आणि दोघंही अण्णांपेक्षा वयानं लहान, एक आमचे डॉक्टर, एक शेजारचे गुरुजी. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोटरी लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं, नोंदणी फी शंभर रुपये. घरी आल्यावर भावानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. स्वतःच्या हिश्श्यात अण्णांनी मलाही धरलं होतं, आणि ते भावानंच सुचवलं होतं.

एकूण दिले दोन लाख पंचवीस हजार. त्यातले फक्त शेवटचे २५ हजार यूपीआयनं, तेही त्याच्या भाच्याच्या नंबरवर. बाकी रोख, पावती एकाचीही नाही. आज आमच्या हातात तेवढी एक नोंद आणि तो आदेशाचा फोटो आहे. फोटोवरून पोलिसांत तक्रार दिली आहे, कारण कोर्टाचा आदेश बनावट करणं हा साधा गुन्हा नाही. वकिलांच्या शिस्तीचं बघणाऱ्या महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडेही वकील कायदा १९६१ च्या कलम ३५ खाली तक्रार केली आहे. आम्ही आधी ग्राहक आयोगाची तयारी करत होतो, पण १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. त्यामुळे तिथं वेळ घालवू नका. आणि एक फार महत्त्वाचं, फी बाकी आहे म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच ठरवलंय. आम्ही लेखी नोटीस दिल्यावर सातबारा, फेरफार आणि जुनं मृत्युपत्र परत आलं.

फोन केलेल्या बाईंना मी एवढंच म्हटलं, मुलाची एफआयआर घेऊन आजच जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. मुलगा कोठडीत नसला तरी कागद वाचून दाखवणारं कुणीतरी तिथं भेटेल. त्या गेल्या. त्यांच्याही कागदावरची कलमं जामीनपात्र निघाली.

सह्या केलेले ते दोन कोरे मुद्रांक अजून आलेले नाहीत. "सापडत नाहीत" असं उत्तर आलंय. आम्ही त्यांचे अनुक्रमांक मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीतून मिळवून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, तलाठी आणि दुय्यम निबंधकांना लेखी कळवलं. अण्णा ते कात्रण पाकिटात घेऊन फिरतात. दर सोमवारी बाजारातून आले की विचारतात, "काय, आले का गं ते कागद?"