आर्वी रोडवरची भरती अकॅडमी : धावणं सगळेच शिकवतात, शनिवारचा तास इथंच आहे

माझा लहाना पोरगा अग्निवीरची तयारी करून राहिला, त्याच्यासाठी आम्ही पुलगाव-आर्वी पट्ट्यातल्या चार अकॅडम्या पाहिल्या आणि शेवटी या रिटायर्ड सुभेदार साहेबांच्या अकॅडमीत टाकलं. नाव लिहीत नाही कारण साहेबांना जाहिरात आवडत नाही, पण त्या रोडवर कोणालाही "फौजीचं ग्राउंड" विचारा, सांगतात.

आधी बाकीचं सांगून टाकते. ग्राउंड मातीचं आहे, ट्रॅक मोजून आखलेला, 1600 मीटर रोज पहाटे घड्याळ लावून घेतात, पुल-अपचा बीम आहे, उडी मारायला नऊ फुटाचा खड्डा आहे. मेसमध्ये वरण-भात-पोळी पोटभर, सकाळी भिजवलेले चणे, अंड्याचे पैसे वेगळे. होस्टेल टिनाचं आहे, एप्रिल-मे मध्ये दुपारी आत बसवत नाही, कूलर दोनच आहेत आणि लाइन गेली की तेही बंद. गणिताचे सर सारखे बदलतात, आता लेखी परीक्षा आधी आणि ग्राउंड नंतर असते त्यामुळे हे नुकसान छोटं नाही, साहेबांनी इकडं लक्ष द्यायला पाहिजे. फी महिन्याला साडेपाच हजार मेससकट, कापसाच्या भावावर जगणाऱ्याला जडच आहे पण हप्त्यानं घेतात.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसली ते. दर शनिवारी संध्याकाळी एक तास असतो, विषय एकच, लढाईत समोरचा शरण आला तर त्याच्याशी कसं वागायचं आणि आपणच पकडल्या गेलो तर काय करायचं. परीक्षेत याचा एक मार्क नाही. मी डबा घेऊन जाते तेव्हा मागच्या सतरंजीवर बसून ऐकते, आणि मला वाटते की या तासासाठी पोराला इथं टाकावं.

साहेब आधी ग्राउंडवर करून दाखवतात. पोट्ट्यांच्या दोन टोळ्या, एक टोळी हात वर करून येते आणि दुसरीनं तिला ताब्यात घ्यायचं. पहिल्यांदा काय झालं की एकानं दुसऱ्याची कॉलर धरून त्याला गुडघ्यावर पाडलं, बाकीचे हसून राहिले आणि दोघांनी मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला, स्टेटसला टाकायला. साहेबांनी शिट्टी मारली आणि सगळं थांबवलं. म्हणे, "हात वर केले ना त्यानं? मंग आता तो तुह्या हातात नाही, देशाच्या हातात हाय. त्याले काही झालं तं जबाब देशाले द्या लागते." मग व्हिडिओवाल्यांकडे वळले. 1949 चा जिनिव्हाचा तिसरा करार आहे, युद्धकैद्यांसाठीचा, त्याच्या कलम 13 मध्ये मारहाण, धमकी, अपमान यांच्यासोबतच कैद्याला लोकांच्या तमाशासाठी उभं करायचं नाही हेही लिहिलेलं आहे, हे तेव्हा त्यांनी सांगितलं. 2019 मध्ये अभिनंदन वर्धमान यांचे रक्तानं भरलेल्या चेहऱ्याचे व्हिडिओ फिरले तेव्हा आपल्या सगळ्यांच्या जिवाला जे लागलं होतं ते आठवा म्हणे, आणि मग ठरवा मोबाइल काढायचा का नाही. सगळ्यांनी मोबाइल ठेवून दिले.

मग झडती. हत्यार आणि लष्करी कागद घ्यायचे, पण अंगावरचे कपडे, हेल्मेट, त्याची पदकं, घरच्यांचा फोटो याला हात लावायचा नाही. पैसे घ्यायचेच असतील तर अधिकाऱ्याच्या हुकमानं, रजिस्टरात लिहून आणि पावती देऊन. पाणी द्यायचं, जेवण द्यायचं, गोळीबार चालू असलेल्या जागेपासून लवकर मागं न्यायचं, आणि जखमी असला तर दवाखान्यात नंबर जखमेवरून लागतो, वर्दीवरून नाही. विचारपूस करता येते पण त्यानं फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर सांगणं बंधनकारक आहे, त्यापुढं तो गप्प राहिला तर त्याला हात लावता येत नाही. पोट्ट्यांना हे उलटं पण पाठ करून घेतात, म्हणजे आपण पकडल्या गेलो तर आपणही एवढंच सांगायचं.

एका शनिवारी एका पोट्ट्यानं उभं राहून विचारलं की सर, मग कॅप्टन सौरभ कालियांचं काय? मे 1999 मध्ये कारगिलला ते आणि त्यांच्यासोबतचे पाच जवान गस्तीवर असताना पाकिस्तानकडून पकडल्या गेले आणि जूनमध्ये त्यांचे देह परत आले ते छळ केलेले. त्यांनी पाळलं नाही तर आपण काहून पाळावं? शेडमध्ये कोणी बोललं नाही. साहेबांनी प्रश्न टाळला नाही. ते म्हणे की तो गुन्हाच होता आणि त्याचा हिशोब मागत राहायचा, पण बदला म्हणून आपल्या हाती आलेल्या कैद्याला मारणं करारानंच बंद केलं आहे, आणि आपल्याच देशाचा 1960 चा कायदा आहे ज्यात कैद्याला जाणूनबुजून मारलं तर फाशी किंवा जन्मठेप आहे. मग त्याच कारगिलचं दुसरं सांगितलं, पाकिस्ताननं स्वतःच्याच सैनिकांचे देह घ्यायला नकार दिला तेव्हा आपल्या फौजेनं त्यांच्या धर्माच्या रीतीनं त्यांना दफन केलं. आणि आपल्या हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता, ते पण कारगिलमध्येच पकडल्या गेले, तिकडचे जवान त्यांना मारून राहिले होते आणि तिकडच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं येऊन ते थांबवलं हे त्यांनी स्वतः नंतर सांगितलंय. आठवडाभरात ते परत आले. साहेबांचं म्हणणं एवढंच की तो थांबवणारा माणूस तुमच्यातला पाहिजे. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण माझा पोरगा त्या जागी कोणत्याही बाजूनं असू शकते.

1971 वर तर ते दोन-दोन तास बोलतात. 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी जनरल नियाझीनं सही केली त्या कागदातच लिहिलेलं होतं की शरण आलेल्यांना जिनिव्हा करारानुसार इज्जतीनं वागवलं जाईल. जवळपास 93 हजार लोक, खुद्द नियाझी जबलपूरला होता. इतक्या लोकांना रोजचं जेवण, दवाखाना, घरी पत्रं. कराराप्रमाणे महिन्याला कमीत कमी दोन पत्रं आणि चार कार्डं लिहायची मुभा द्यावी लागते, आणि पकडल्यावर लगेच, नाहीतर छावणीत पोचल्यावर जास्तीत जास्त आठवड्याच्या आत तो कैदेत आहे आणि त्याची तब्येत कशी आहे हे कळवणारं कार्ड लिहू द्यावं लागते. फौजीच्या घरच्यांनी हे वाचा. 1971 चे आपले 54 जण बेपत्ता यादीत आहेत, त्यांच्या घरी कित्येक वर्षं कोणीतरी पोस्टमनकडं पाहत बसलं असेल. एका कार्डाची किंमत त्या घराला विचारा.

साहेब आपली बाजू झाकत नाहीत हे मला आवडलं. एकानं बरोबर पकडलं की करारात लढाई थांबली की उशीर न लावता सोडा असं आहे तर मग आपण 1974 च्या एप्रिलपर्यंत काहून ठेवले? त्यांनी सांगितलं की शरणागती भारत आणि बांगलादेश दोघांपुढं होती, बांगलादेशला मान्यता द्यायचा वाद अडला होता, ऑगस्ट 1973 मध्ये दिल्लीला करार झाल्यावर गाड्या सुटल्या, आणि तुम्हाला हे पटलं नाही तर वाद घाला. पोट्ट्यांनी घातला.

कमी काय आहे तर एक मोठी गोष्ट. इथले निम्मे पोट्टे शेवटी पोलीस भरतीत जातात आणि त्यातले काही गडचिरोलीला. तिथं शरण येणारा नक्षलवादी युद्धकैदी म्हणून धरला जात नाही, आपल्याच देशाचा कायदा लागते, आणि साहेब एवढं सांगून पुढं जातात. ताब्यातल्या माणसाला मारायचं नाही हे तिथंही तेवढंच खरं आहे, पण कसं, कोणाच्या ताब्यात कधी द्यायचं, हे आपल्या विदर्भातल्या पोरांना जास्त लागणार आहे. यासाठी एखादे रिटायर्ड पोलीस अधिकारी किंवा वकील बोलवावे. दुसरं, नोट्स हिंदीत आहेत आणि झेरॉक्स इतकी पुसट की माझ्या पोरानं वहीत हातानं उतरवून घेतलं, मराठीत चार पानं छापून द्या, पैसे आम्ही पालक गोळा करून देऊ.

काही पालकांनी तक्रार केली की मार्क नसलेल्या विषयात पोरांचा शनिवार जाते, तो तास बंद करून गणित घ्या. गणित घ्याच, रविवारी सकाळी घ्या. शनिवारचा तास बंद केला तर मी स्वतः येऊन भांडीन.

पाच पैकी चार स्टार, एक कूलर आणि गणितासाठी कापला. मुलींची बॅच जूनपासून सुरू होणार आहे म्हणतात, त्यांनाही शनिवारी बसवणार का हे आधी विचारून घ्या, आणि नाही म्हटलं तर आग्रह धरा.