अदिश कृष्णद्रव्याची तीन प्रारूपे: थेट शोधाच्या मर्यादांपुढे कोणते टिकते?

अदिश, म्हणजे स्पिन शून्य असलेल्या कणांच्या, कृष्णद्रव्यावर काम सुरू करणाऱ्यापुढे साधारणपणे तीन प्रारूपे येतात: सिंगलेट, इनर्ट डब्लेट आणि छद्म-गोल्डस्टोन. प्रारूपातील कणाची विश्वातील अवशिष्ट घनता (आज उरलेले त्याचे प्रमाण) आणि अणुकेंद्रकावर त्याची धडक (थेट शोधाचे प्रयोग हीच टिपू पाहतात) या दोन गोष्टी एकाच कपलिंगवर, म्हणजे परस्परक्रियेच्या ताकदीवर, अवलंबून आहेत की नाहीत, यावर निवड करावी असे माझे मत आहे.

सिंगलेटमध्ये, म्हणजे फक्त हिग्ज कणाशी जोडलेल्या एकट्या अदिश कणाच्या प्रारूपात, या दोन्ही गोष्टी पूर्णपणे एकाच कपलिंगवर अवलंबून असतात. कणाचे वस्तुमान आणि हिग्जशी असलेले कपलिंग एवढेच दोन महत्त्वाचे अंक असल्यामुळे ०.१२ ही मोजलेली घनता (Ωh² या परिमाणात) जुळवली की कपलिंग ठरते, आणि जड कणांसाठी क्रॉस सेक्शन (धडकेची शक्यता क्षेत्रफळात सांगणारा आकडा) वस्तुमानावर जवळजवळ अवलंबून राहत नाही. झेनॉनवर आधारलेल्या एलझेड प्रयोगाची २०२४ची मर्यादा ४० जीईव्ही (कणांच्या वस्तुमानाचे एकक; प्रोटॉन सुमारे १ जीईव्ही) वस्तुमानाजवळ २.२ × १०चा −४८ वा घात चौरस सेंटिमीटर इतकी कडक आहे. पुढे ती वस्तुमानाच्या प्रमाणात सैल होत असली, तरी सिंगलेटला आता हिग्जच्या निम्म्या वस्तुमानाजवळची, म्हणजे सुमारे ६२.५ जीईव्हीची, अरुंद फट आणि अनेक टीईव्हींपलीकडचा (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही), जिथे कपलिंग फार मोठे झाल्याने गणितच डळमळू लागते असा प्रदेश, एवढीच जागा उरते. ‘हा कण कृष्णद्रव्याचा केवळ एक अंश मानू’ ही पळवाटही फारशी उपयोगी नाही, कारण कपलिंग वाढवल्यास अंश जितक्या प्रमाणात घटतो, जवळपास तितक्याच प्रमाणात धडकेचा क्रॉस सेक्शन वाढतो.

इनर्ट डब्लेटमध्ये, म्हणजे दुर्बल बल अनुभवणाऱ्या अदिश कणांच्या जास्तीच्या संचात, डब्ल्यू आणि झेड बोसॉन हे त्या बलाचे वाहकही कणांच्या परस्परनाशात भाग घेतात. त्यामुळे सुमारे ५०० जीईव्हींच्या वर हिग्ज कपलिंग अगदी लहान ठेवूनही घनता जुळते. अट एकच: दोन तटस्थ घटकांच्या वस्तुमानांत निदान काहीशे केईव्हींचा (एक केईव्ही म्हणजे जीईव्हीचा दहा लाखांवा भाग) फरक हवा, अन्यथा झेडद्वारे होणारी धडक प्रारूपाला केव्हाच बाद ठरवते. हिशेब वाढतो, पण वाव मिळतो.

२०१७ मध्ये मांडलेल्या छद्म-गोल्डस्टोन प्रारूपात (यातला कण जवळजवळ अचूक अशा सममितीच्या मोडण्यातून येतो) धडक घडवणाऱ्या दोन अदिश मध्यस्थ कणांची योगदाने शून्य संवेग-देवाणघेवाणीला एकमेकांना रद्द करतात, म्हणून मूळ पातळीवर धडक नाहीशीच होते आणि केवळ क्वांटम दुरुस्त्या उरतात. प्रारूप टिकते, मात्र एलझेडसारख्या प्रयोगांकडून त्याची परीक्षा होणे अवघड असते. ती कोलायडर (कण आदळवणारी यंत्रे) आणि अप्रत्यक्ष शोध (अवकाशातल्या परस्परनाशाच्या खुणा टिपणे) यांवर सोपवावी लागते.

थेट शोधाचा विद्यार्थी असाल, तर मी अजूनही सिंगलेटपासूनच सुरुवात करायला सांगेन, कारण प्रयोगाचा एक नवा आकडा आला की त्याच्या उरलेल्या जागेची किनार त्याच दिवशी हाताने पुन्हा काढता येते.